गंजीच्या पोटातला सुरा

“ठेवणारा ठेवून मोकळा, आणि शोधून मरायचं मी!”

माझ्यापासून हातभर अंतरावर सूनबाई करवादत होती. गुडघ्यांवर बसून ती गवतात हात खुपसायची, चाचपायची, रिकामा हात बाहेर काढून शिंकायची आणि पुन्हा करवादायची. ‘अगं, इथेच आहे मी, जरा डावीकडे!’ असं ओरडावंसं मला फार वाटलं. पण मला दात आहेत, जीभ नाही.

मित्रांनो, मी एक जुना सुरा आहे. भाजी चिरायचा नव्हे, साठवलेलं गवत कापायचा. माझं पातं हाताएवढं लांब, त्याला मोठमोठे दात, आणि धरायला दोन लाकडी मुठी, एक टोकाला, एक बाजूला. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसणार. त्यात तुमचा काय दोष? आता पुष्कळ ठिकाणी गवत यंत्रातून विटांसारखं बांधूनच येतं. आमच्या घरी मात्र ते अजून सुटंच गोठ्यावरच्या माळ्यात रचतात. थरावर थर घालून वरून तुडवलं की ते आपल्याच वजनाने असं घट्ट बसतं, की ओढून मूठभर निघणार नाही. ओढलंच, तर सगळी गंजी विस्कटते आणि गवताचा वास उडून जातो. मग गाई नाक मुरडतात. म्हणून ते वरून खाली, भिंतीसारखं सरळ कापायचं आणि लागेल तेवढीच लादी काढायची. ते माझं काम.

आमच्या घराण्याची गोष्ट मी लोहाराच्या तोंडून ऐकली. तो गिऱ्हाइकाला सांगत होता आणि मी भट्टीत लाल होऊन ऐकत होतो. आमच्यातला पहिला म्हणे साधा विळाच. त्याने गंजीपुढे हात टेकले. मग लांब दांड्याचं, भाल्यासारखं पातं आलं. ते खुपसायचं, घाम गाळायचा आणि शिव्या घालायच्या. त्यानंतर फावड्याचा चुलतभाऊ शोभेल असा एक आला, त्याला पायाने दाबायला आडवी पट्टी होती. शेवटी कुणाला तरी सुचलं, की गवताला ढोसत बसण्यापेक्षा करवतीसारखं चावत जावं. तेव्हा आम्ही दातेरी सुरे जन्माला आलो.

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे बाबा. आज घरातले सगळे त्यांना बाबा म्हणतात. तेव्हा ते मिसरूड फुटलेले तरणे होते. मी निवल्यावर त्यांनी माझ्या पात्यावर नखाने टिचकी मारली, मला कानाशी धरलं आणि म्हणाले, “बोलतोय चांगला. द्या हाच.”

बाबांचं सगळं कानावर चाले. दुधाची धार बादलीत कशी वाजते यावरून ते गाईची तब्येत सांगत. आणि गवत वाळलं की नाही, हे तर फक्त तेच ठरवत. मूठभर गवत कानाशी धरून पिळायचं. वाळलेलं असेल तर ते करकरतं. ओलं असेल तर गप्प बसतं. गप्प गवत माळ्यावर चढवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. कारण ते आतल्या आत कुढतं, तापतं, आणि एखाद्या दिवशी पेट घेतं. मग वरचं गवतही जातं आणि खाली बांधलेल्या गाईही.

माझे चांगले दिवस पुष्कळ झाले. शेजारपाजारचे मला मागून नेत आणि धार लावून परत देत. बाबा काम संपलं की मला पुसत, तेल लावत, दाराजवळच्या खिळ्यावर अडकवत. मी त्या खिळ्याचा आणि खिळा माझा.

मग बाबांचे कान उतरणीला लागले. हे सगळ्यांत आधी कळलं मला. कापता कापता गंजीत तारेचा तुकडा लागला आणि मी असा किंचाळलो, की खाली गाई दचकून उठल्या. बाबा मात्र मला तारेवर घासतच राहिले.

हळूहळू घरालाही कळलं. पण बोललं कुणी नाही. आई, म्हणजे बाबांची बायको, बोलण्याआधी त्यांच्या कोपराला हात लावू लागली. मुलगा समोर येऊन मोठ्याने बोलू लागला आणि विचारलं तर म्हणे, “माझा आवाजच तसा आहे.” सून तर एकदा हसत म्हणाली, “बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं.” आई हसली नाही. त्या दिवसापासून थट्टाही बंद झाली. घराच्या मधोमध मोठी पेटी ठेवलेली असावी आणि तिला वळसा घालून सगळ्यांनी चालावं, तसं चाललं होतं.

अशात यंदाचं गवत आलं. माळ्याच्या कोपऱ्यात जुनी गंजी थोडी उरली होती आणि बाबांनी मला तिच्यातच खोचून ठेवलं होतं. खिळ्यावर ठेवायचं हल्ली ते विसरत. झरोक्यातून मला खालचं अंगण दिसत होतं. तिथे त्यांनी मूठभर गवत उचललं, कानाशी धरलं, डोळे मिटले, पिळलं. सगळे उभे. मुलाच्या हातातही एक मूठ होती. तिचा दमटपणा त्याच्या बोटांना लागला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने सासूकडे पाहिलं. सासूने आभाळाकडे पाहिलं.

बाबांनी मान डोलावली. “भरा.”

आणि भरलं. थरावर थर, माझ्या अंगावर. माळ्याच्या झरोक्यातली उजेडाची शेवटची तिरीप गेली आणि मी गाडला गेलो.

मित्रांनो, अडकणं म्हणजे काय, ते मला विचारा. दाबून धरलेल्या काळोखात मी उभा होतो आणि ज्या गवताला जन्मभर कापलं, त्यानेच मला गच्च पकडलं होतं. ते गप्प होतं. मग ते ऊबदार झालं. मग माझ्या मुठींना घाम फुटला. काकवी करपल्यासारखा गोडसर वास दाटला. लोखंड मी, भट्टी ओळखतो. ही तिची धाकटी बहीण होती, पाऊल न वाजवता येणारी.

खाली सगळ्यांना वास येत होता. पण चर्चा चालली होती माझी. “सुरा गेला कुठे?” “तूच ठेवलास.” “मी कशाला ठेवू?” मी हरवलो हे किती सोयीचं होतं! मी सापडत नव्हतो, तोवर दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

“वर जरा ऊब वाटते,” असं सून एकदा म्हणाली होती.

“माळाच तो. कौलं तापतात,” मुलगा म्हणाला होता.

“यंदा ऊन कडक आहे,” असं आईही म्हणाली होती. ऊन बिचारं कुठेच नव्हतं.

तर त्या दुपारी सूनबाई करवादत माझ्यापर्यंत आली. या खेपेला तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि माझं तापलेलं पातं तिच्या बोटांना लागलं. “आई गं!” तिने हात मागे घेतला. मग डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं, दात ओठ खाऊन मला उपसलं आणि शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आली. मागे ज्या भोकातून मी निघालो होतो, तिथून वाफ येत होती.

बाबा गोठ्याच्या दारात बसले होते. तिने त्यांचा हात ओढला आणि मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

बाबांनी हात झटकला नाही. मला तसंच धरून त्यांनी आधी माळ्याकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे. कुणी नजर दिली नाही.

“गाई सोडा,” ते म्हणाले. “पाणी भरून ठेवा.”

आईने दावी सोडली. मुलाने बादल्या भरल्या. आणि मी कापलं, मित्रांनो! सूनबाईच्या हातून, नंतर मुलाच्या, पुन्हा सूनबाईच्या. लादीमागून लादी. आतलं गवत तंबाखूसारखं काळं पडलं होतं. ते अंगणात पडून धुमसलं, त्यावर पाणी ओतलं. एकदा ठिणगी दिसली. आईने तिच्यावर अख्खी बादली रिकामी केली आणि वर चपलेने दाबलं. माळा वाचला, गाई वाचल्या. माझी एक मूठ कोळपली, ती आजही काळी आहे.

आणि तरी कुणी बोललं नाही! “दव पडलं असेल रात्री,” मुलगा म्हणाला. “सुरा वेळेवर सापडला असता तर,” असं आई म्हणाली. घ्या, खापर माझ्या माथी.

बाबांनी मला पुसलं, तेल लावलं, खिळ्यावर ठेवलं. ठेवण्याआधी पात्यावर टिचकी मारून मला कानाशी धरलं. मी जीव एकवटून वाजलो. तारेवरही इतका वाजलो नव्हतो. त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि मला दुसऱ्या कानाशी धरलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, हत्यार वापरून झालं की पुसा आणि त्याच्या जागेवर ठेवा. ओलं गवत भरू नका. ते मुकाट्याने तापतं.

त्यानंतर दुसऱ्या कापणीचं गवत आलं, जळालेल्याच्या जागी भरायला. मी खिळ्यावरून पाहत होतो. सगळे पुन्हा अंगणात उभे राहिले. बाबांनी मूठभर उचललं, कानाशी नेलं, डोळे मिटले, पिळलं. मुलगा पायाने माती उकरू लागला. आई आभाळ बघू लागली.

बाबांनी डोळे उघडले. ते सूनबाईजवळ गेले आणि ती गवताची मूठ त्यांनी तिच्या कानाशी धरली.

“तू ऐक, पोरी,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही.”