नारिंगी चेहरा

बावीस वर्षं मी मल्हारगंजच्या शाळेत चित्रकला शिकवतोय. आणि पुण्याहून आलेल्या अबोली मॅडमनी एका तासात पोरांना फॉविझम शिकवला! दिसतो तो रंग सोडा, वाटतो तो लावा म्हणे. पोरं मलाच येऊन सांगतात, "मुळ्ये सर, मॅडम तो गजब हैं!"

मॅडमनी आवडतं माणूस रंगवायला सांगितलं होतं. माझ्या लाडक्या मानसचं चित्र टेबलावर वाळत होतं. नारिंगी चेहरा, निळे केस, गोल चष्मा. चष्मा मॅडमचाच! माझं डोकं सटकलं. दुरुस्तीच्या नावाखाली मी ब्रश घेतला आणि त्या चेहऱ्याला नीट कातडीचा रंग फासला.

मग नाकावरचा माझा गोल चष्मा सारखा केला आणि मार्क द्यायला कागद उलटला. मागे लिहिलं होतं : 'मुळ्ये सर, रंग कालवताना हसतात तेव्हा.'