पोथीत नसलेला नियम

पाझर तलावाच्या कामावर दुपारची सुट्टी झाली की पुतळाबाई राक्षस व्हायची. सकाळपासून खडी फोडून हाताची सालटी निघालेली, डोक्याला फडकं गुंडाळलेली ही पन्नाशीची बाई बाभळीच्या विरळ सावलीत मांडी ठोकून बसायची आणि घसा खाकरून म्हणायची, "म्या अपोश देव! काळा घोडा. कान न्हाईत, शेपूट न्हाय, अंगावर केस न्हाईत. तळ्यावर बसलाय म्या. कुनाला पाणी न्यायचं आसंल त्येनं यावं म्होरं!"

माणसं हसून लोळायची. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात लोहाऱ्याच्या आसपास हसण्यासारखं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. गुरं बाजारात गेली होती, विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि काल शेतात सालगडी राबवणारी माणसं आज हातोडा घेऊन त्याच सालगड्यांच्या शेजारी खडी फोडत होती.

खेळ काढला होता पुतळाबाईच्या लेकानं, कोंडिबानं. सातवी पास, पुढं कुणी शिकवलं नाही म्हणून पुडीच्या कागदापासून हाताला लागेल ते वाचत सुटलेला गडी. खेळ साधा. ज्यानं त्यानं एक सोंग घ्यायचं. आपलं सोंग आता काय करणार ते आपल्या तोंडानं बोलायचं, मग पाच कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या पडल्या तर फसलं. आणि त्यानंतर काय घडलं ते कोंडिबा सांगणार. कवड्या मायच्याच. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत गेले, पण भवानीची माळ मायनं ट्रंकेत ठेवून दिली होती, चांगल्या कवड्या कशाला फेकायच्या म्हणून.

हसवायला म्हणून कोंडिबानं हा खेळ काढला नव्हता. त्याच्या मुळाशी लाज होती.

कामावर टँकर यायचा आणि एक लोखंडी बॅरल भरून जायचा. बॅरलपाशी पाणी द्यायला गावातली मालनबाई तांब्या घेऊन उभी. गावची माणसं तांब्या हातात घ्यायची, बुडवायची, प्यायची. सरकारी कागदावर बौद्ध आणि गावाच्या तोंडात अजून म्हारंच असलेली माणसं शेवटी उभी राहायची. त्यांनी वाकायचं, ओंजळ करायची, मालनबाई हातभर उंचीवरून धार सोडणार. निम्मं पाणी मनगटावरून कोपरात आणि कोपरातून मातीत. दुष्काळात! पाणी मातीत गेलं तरी चालेल, पण तांब्या म्हाराच्या ओठाला लागता कामा नये. लोहाऱ्याच्या सभेत कोंडिबा माणुसकीवर भाषण ठोकायचा, टाळ्या घ्यायचा. आणि इथं मायच्या मागं उभा राहून मुकाट ओंजळ करायचा. मायच्या कोपरातून गळणारं पाणी दिसू नये म्हणून आभाळाकडं बघायचा. बोललं तर मस्टरवरचं नाव जाईल, हे कारण त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते त्याला पाठ झालं होतं.

गोष्ट मिळाली मुनीरमियांकडून. मुनीरमिया लोहाऱ्यातले, निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. त्यांच्याकडं पानं सुटलेली एक जुनी फारसी पोथी होती आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

"ईरान में देव बोले तो शैतान," ते म्हणाले होते. "तुमचा देव तो देव. उनका देव तो राक्षस. लफ्ज एकच, मतलब उलटा."

कोंडिबा मांडीवर थाप मारून हसला होता. "च्यायला! म्हंजे आमी नदीत टाकले ते बराबरच केलं की, चाचा."

"हसू नको बे, ऐक. कहत का देव, म्हणजे दुष्काळाचा शैतान, त्याचं नाव अपोश. काळा घोडा बनके पाण्यावर बसतो. बारिश का फरिश्ता तिश्तर, तो सफेद घोडा. दोघांची लढाई होते, आणि तिश्तर हारतो."

"हारतो? फरिश्ता असून?"

"लोगों ने उसका नाम नहीं लिया था ना! त्याची नियाज दिली नाही. फिर नाम लिया, तो दहा घोड्यांची ताकद आली. मग जिंकला."

घरी येताना कोंडिबाच्या डोक्यात ती गोष्ट फिरत राहिली. काळा घोडा, पांढरा घोडा, सगळं झकास. पण नैवेद्य दिला की पाऊस, हे त्याला गिळवेना. एवढे देव टाकून परत घोड्याला नैवेद्य? मग चालता चालता त्याला दुसरंच सुचलं आणि तो रस्त्यातच उभा राहिला. तिश्तरला ताकद कशानं येते? सगळ्यांनी एका तांब्यानं, ओठ लावून पाणी प्यालं तर येते. पोथीत तसंच लिहिलंय, असं सांगायचं. पोथी फारसीत आहे, बघायला कोण जातंय! स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की उन्हाचंही भान राहिलं नाही.

तिश्तरचं सोंग माणिकप्पानं घेतलं होतं. माणिकप्पा गावातला बागायतदार, म्हणजे विहीर आटेपर्यंत बागायतदार. हातोडा धरायची लाज वाटायची म्हणून पहिले काही दिवस तो कुणाशी बोलतही नव्हता. खेळात आला आणि माणूस खुलला. पुतळाबाईला जन्मभर 'ए पुतळे' म्हणणारा हा माणूस आता तिला 'देवबाई' म्हणायचा.

"काय देवबाई, आज तरी तळं सोडताव का न्हाय?"

"तुमी ओढून काढा की आप्पा. पांढरा घोडा म्हनवताव, अन् धापा टाकताव गाढवावानी."

"अगं ए! तोंड सांभाळ!"

"म्या पुतळी न्हाय आता, म्या देव हाय. देवाला कुनी तोंड सांभाळ म्हनतंय व्हय?"

माणसं खिदळायची. माणिकप्पाही हसायचा. कोंडिबा हे बघायचा आणि त्याला वाटायचं, आता फार दूर नाही.

मग एका दुपारी तिश्तर हरला. कवड्या पालथ्या पडल्या, माणिकप्पा चरफडला. "पुन्हा टाकू दे!"

"टाकून उपेग न्हाय, आप्पा. तुमच्यात ताकदच न्हाय," कोंडिबा म्हणाला. "पोथीत लिव्हलंय. तळ्याकाठची समदी मानसं एका तांब्यानं, तोंड लावून पाणी पेली, तर तिश्तरला दहा घोड्यांचं बळ येतंय. अपोशानं बी त्याच तांब्यानं प्यायचं. मगच त्येला तळं सोडावं लागतंय."

मालनबाईनं तांब्या पदराआड घेतला.

"समदी म्हंजे समदी?" कुणीतरी विचारलं.

"समदी."

माणिकप्पा खाली मान घालून कवड्या हातात खुळखुळवत राहिला. मग एकदम म्हणाला, "पोथीत हाय म्हंजे हाय. खेळात तर प्यायचं! आज सुट्टी संपली, उद्या पिऊ."

त्या दिवशी घरी जाताना पुतळाबाई लेकाला एवढंच म्हणाली, "पोथीत खरंच हाय का रं तसं?"

"हाय की, माय."

"लई शानी मानसं म्हनायची मग ती इराणातली." आणि ती वाटभर स्वतःशीच हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच जीप आली. सोसायटीचे चेअरमन नारायणराव उतरले. पांढरं धोतर, डोळ्यांना काळा चष्मा, तोंडात साखर. त्यांनी कोंडिबाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर! कोंडिबाचं अंग शहारलं, आणि आपल्याला ते आवडलं हे त्याच्या ध्यानात आलं.

"तुझं अक्षर चांगलंय म्हनं. डोकं बी चालतंय. सोसायटीत सेक्रेटरीच्या हाताखाली मानूस पाहिजे. खडी फोडून आयुष्य घालवायचंय का?"

"न्हाय, साहेब."

"मग ये सोमवारी. बरं, तुझा ह्यो खेळ मलाबी बघू दे. लई नाव ऐकलंय." धमकी नाही, दटावणी नाही, काही नाही. नारायणराव खुर्ची टाकून सावलीत बसले.

खेळ सुरू झाला. पुतळाबाई आपल्या जागी बसली, पण आज तिनं डरकाळी फोडली नाही. लुगडं सारखं करून, नव्या नवरीसारखी बावरून ती बॅरलकडं बघत होती. माणिकप्पा उठला. मालनबाईच्या हातातून त्यानं तांब्या घेतला, बॅरलमध्ये बुडवला, ओठ लावून दोन घोट प्यायला. मिशीवरचं पाणी पुसलं. आणि तसाच उष्टा तांब्या घेऊन तो पुतळाबाईच्या पुढ्यात गेला.

"घे देवबाई," तो म्हणाला. हात पुढंच होता.

पुतळाबाईनं ओंजळ केली नाही. तिनं दोन्ही हात सरळ पुढं केले, भांडं धरायला करतात तसे.

"कोंडिबा," खुर्चीतून नारायणराव अगदी सहज म्हणाले, "पोथीत खरंच असं हाय का रं? का तुझ्या मनचं?"

तोंडातून एक शब्द काढायचा होता. 'हाय.' काल मायपाशी सहज निघालेला, गुळगुळीत शब्द. कोंडिबानं मायचे हात बघितले. मग काळा चष्मा बघितला. त्या काचेत त्याला डोळे दिसेनात, फक्त सोमवार दिसला.

"न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे... मूळ पोथीत तसं न्हाय. तिथं नुसतं नाव घ्यायचं हाय. तिश्तरचं नाव घेतलं की बळ येतंय."

जन्मात इतकं खरं तो कधी बोलला नव्हता. मुनीरमियांच्याच तोंडचं. आणि त्या खऱ्याची त्याला किळस आली.

माणिकप्पाचा हात हवेतच थांबला. त्यानं एकदा कोंडिबाकडं बघितलं, एकदा खुर्चीकडं. तांब्या हळूहळू मागं आला.

"मग तसंच घेऊ की नाव!" नारायणराव हसले. "पोथीला सोडून कशाला जायचं? काय लोकहो?"

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जोरात ओरडले, "तिश्तर! तिश्तर!" इतक्या जोरात की तिकडं टिकाव घेतलेली माणसंही बघायला लागली. बौद्धवाड्यातली चारदोन माणसंही ओरडली, सवयीनं. माणिकप्पानं कवड्या न बघता टाकल्या. उताण्या पडल्या.

"अपोश हारला," कोंडिबा म्हणाला. कुणालाच ऐकू गेलं नाही.

पुतळाबाईचे हात अजून तसेच पुढं होते. तिनं ते मागं घेतले, मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर जोर देऊन उठली. मालनबाई बॅरलमधून तांब्या भरून आली. "ये गं, पी," म्हणाली, आणि सवयीनं तांब्या उंच धरला. पुतळाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. ती खडीच्या ढिगाकडं गेली, सुट्टी संपायच्या आधीच, आणि हातोडा उचलला.

नारायणराव जाताना कोंडिबाच्या पाठीवर थाप मारून गेले. "खरं बोलायची हिंमत हाय तुझ्यात." लोकांसमोर म्हणाले. ती थाप त्याला जोड्यासारखी बसली, आणि तरी तो हात जोडून उभा राहिला. जीप दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, कारण मागं वळलं की खडीचा ढीग दिसणार होता.

शेवटी वळावं लागलंच. माय ऊन अंगावर घेत फोडत होती. ओठ फाटलेले, त्यांवर पांढरी धूळ. कोंडिबा तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"माय, पाणी पी. चक्कर यील."

"पिऊ का?" हातोडा न थांबवता ती म्हणाली. "पोथीत बघून सांग."

तो बसून राहिला. प्रत्येक घावाला बारीक खडे उडून त्याच्या तोंडावर येत होते. त्यानं तोंड बाजूला केलं नाही.

संध्याकाळी काम सुटलं. माय पुढं निघून गेली होती. मागून माणिकप्पानं त्याला गाठलं आणि बरोबर चालू लागला. गावचा माणूस बौद्धवाड्यातल्या पोराबरोबर, बरोबरीनं. नेहमी तो दहा पावलं पुढं असायचा.

"काउन बोललास रं?" माणिकप्पा म्हणाला.

"त्येनी इचारलं, आप्पा."

"इचारू दे की! म्या दिला व्हता न्हवं तांब्या? चेअरमन बघत असताना दिला व्हता."

कोंडिबाला वाटलं, ह्यानं आईवरून शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, काहीही करावं, पण हे बोलू नये. तरी एक आशा चिकटलीच, आणि त्या आशेचीही त्याला लाज वाटली.

"उद्या द्या मग, आप्पा. उद्या पुन्हा खेळू. म्या सांगतो समद्यांना, प्यायचंच म्हनून."

माणिकप्पा थांबला. धोतराचा सोगा झटकला.

"दुपारी पाजलं आसतं तर पोथीनं पाजलं म्हनले आसते. माझ्या बायकोनं, भावकीनं, समद्यांनी. पोथीम्होरं कोन बोलतंय? आता पाजलं तर माणिकप्पानं पाजलं म्हनतील." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "तेवढा म्या न्हाय रं, कोंडिबा. खोटं कशाला सांगू."

आणि तो भराभरा पुढं निघाला. दहा पावलं झाली, तरी थांबला नाही. त्याच्याही पुढं, गावाच्या वळणावर, मायचं डोक्याचं फडकं दिसत होतं. कोंडिबानं मुद्दाम पाय ओढले, दोघांपैकी कुणाचीही गाठ पडू नये म्हणून.