टाचेतलं रक्त

लाल रेघ मारलेल्या एका आकड्याने बाळाच्या आईची झोप उडवली होती. जन्मल्यावर टाचेला टोचून घेतलेल्या रक्तात कार्निटिन फार कमी निघालं होतं. बालरोगतज्ज्ञ बाईंनी फोनवर समजावलं, "शरीर हे एका अमिनो आम्लापासून बनवतं. चरबी पेशींच्या भट्टीत वाहून नेणारा हा हमाल समजा. हमालच नसला तर उपाशीपोटी शरीराला इंधन मिळत नाही. हृदयावरही ताण येतो. दर तीन तासांनी पाजा, झोपलं असलं तरी उठवून."

झालं! तीन तासांचा एक तास झाला. बाळ जरा गाढ झोपलं की ही लगेच त्याच्याजवळ जायची. नाकाशी बोट धर, गालाला टिचकी मार; बिचारं कावून रडलं की मगच हिच्या जिवात जीव यायचा. सासूबाई ताट घेऊन मागे लागायच्या.

"अगं, दोन घास तरी खा."

"आधी रिपोर्ट येऊ दे, आई."

बाळाचं रक्त पुन्हा तपासायला घेतलं तेव्हा बाईंनी तिचंही घेतलं होतं. कशाला, हे विचारायचंही तिला सुचलं नव्हतं. आज रिपोर्ट आले आणि दवाखान्यात समोर बसवून बाई म्हणाल्या, "बाळाला हा आजार नाही."

ती हसली, रडली, नवऱ्याचा दंड धरून गदागदा हलवला. "ऐकलंस का?" पण तो बाईंकडेच बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, कारण त्याने पुढचंही ऐकलं होतं.

"कमतरता तुमच्यात आहे. जन्मापासूनची. बाळाला पोटात तुमच्याकडूनच कमी मिळालं. त्याचं औषधाने भरून येईल. तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

तिला आठवेना. बाळाला घेऊन बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "काल दुपारी."

बाईंनी लगेच साखर तपासली, ग्लासभर गोड सरबत आपल्यासमोर प्यायला लावलं आणि हृदयाच्या तपासणीला पाठवलं.

छातीवर वायरी चिकटवून ती पडून राहिली. इतके दिवस ती फक्त बाळासाठी घाबरत होती. मला काही झालं तर? हा विचार आज पहिल्यांदाच तिच्या मनात आला.

दाराबाहेर बाळ भुकेने रडायला लागलं. ती झटकन उठू लागली.

"हलू नका," तंत्रज्ञ म्हणाला. "ठोके नीट पडत नाहीयेत."

बाळ रडत राहिलं, आणि ती हलली नाही.