गुडघ्याएवढं टेबल

गॅरेजमधून गाडी बाहेर काढताना माझ्या नवऱ्याने जेवढे आढेवेढे घेतले, तेवढे त्याने लग्नाला होकार देतानाही घेतले नव्हते. गाडीचा रंग उडेल, पाखरं घाण करतील, कुणीतरी आरसा काढून नेईल. मी सगळं मुकाट्याने ऐकलं आणि गाडीला जाड कापडाचं आच्छादन शिवून दिलं, दोन्ही आरशांना कानटोपी घातल्यासारखे खिसे ठेवून. मग त्याला बोलायला जागाच उरली नाही. त्याने तोंड पाडून गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि घरात येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.

गाडी गेल्यावर मी गॅरेजला हात घातला. कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या डब्यांतला रंग दगड झाला होता. व्यायामाचं एक यंत्र होतं, त्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले होते. सगळं भंगारात दिलं. फरशीवरचे तेलाचे डाग घासून काढले, भिंतींना पांढरा रंग लावून घेतला आणि खिडकीवर ठोकलेली फळी उचकटली. खिडकी आहे हेच घरात कुणाला आठवत नव्हतं. उजेड आत आला आणि मी स्वतःशीच म्हणाले, इथेच बसायचं आता ठाण मांडून.

माझं काम खुर्च्यांना गादी बसवायचं. फर्निचरच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं तेच केलं. पट्टे ताणायचे, फोम कापायचा, वरून कापड ओढून ठोकायचं. मग कारखान्याने तयार गाद्या मागवायला सुरुवात केली आणि आमचा विभागच बंद केला. तोवर पट्टे ओढून ओढून माझा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कोपर अंगाला धरून हवं तेवढं काम कर, पण हात वर उचलून जोर लावलास तर खांदा एक दिवस साफ जखडेल. घरी मी फक्त “दुखतो थोडा” एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, बास झालं, आता आराम कर. तो ते प्रेमाने म्हणाला असता आणि मला भीती त्याचीच होती. रागाने अडवणाऱ्याशी भांडता तरी येतं.

पहिलं काम दातांच्या डॉक्टरबाईंचं मिळालं. त्यांच्या दवाखान्यात लोक जिथे गाल धरून बसतात, त्या खुर्च्या. महिन्याअखेर द्यायचं ठरलं. आता हवं होतं टेबल. गादीकामात खुर्ची टेबलावर चढवून ठेवतात, म्हणजे तिची बैठक आपल्या कोपराशी येते. त्यामुळे टेबल बुटकं लागतं, गुडघ्याच्या जरासं वर. मी सासऱ्यांना तसंच सांगितलं. बाबा जन्मभर सुतारकाम केलेले, उंच, नाकावर माशी बसू न देणारे. “गुडघ्याएवढं,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मागच्या अंगणात कामाला लागले.

टेबल झालं तेव्हा त्यांनी मला डोळे मिटायला लावले. उघडले तर काय, समोर असं देखणं टेबल की मी आधी हातच फिरवला त्यावरून. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले, पाय मांडीसारखे भरभक्कम. आणि उंची थेट माझ्या कमरेच्या वर.

“बाबा, मी गुडघ्याएवढं म्हणाले होते.”

“अगं, गुडघ्याएवढं टेबल नसतं. त्याला स्टूल म्हणतात,” ते हसून म्हणाले. “तुझं माप चुकलं होतं, मी नीट करून घेतलं.”

इथेच घोडं पेंड खात होतं. कपाळावरचा घाम पुसत ते माझ्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होते की मी “छान झालंय” म्हणाले. छान झालंच होतं, त्यात काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिली खुर्ची टेबलावर चढवली. बैठक माझ्या छातीच्या वर आली. दोन पट्टे ताणले आणि तिसऱ्याला खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायाखाली फळ्या रचून बघितल्या, तर मागे पाऊल टाकताना हातोडीसकट खाली आले. खुर्ची जमिनीवर ठेवून केलं, तर पाठ धरली. चार दिवस असे गेले आणि एक खुर्चीही धड झाली नाही. रात्री मी डाव्या कुशीवर झोपायचे आणि मनातल्या मनात त्या टेबलाला शिव्या घालायचे. त्या शिव्या बाबांना लागू नयेत याची मात्र काळजी घ्यायचे.

शेवटी नवऱ्याजवळ विषय काढला.

“बाबांनी जीव ओतलाय त्यात,” तो म्हणाला. “घे ना सांभाळून. आणि खांदा एवढा दुखत असेल तर राहू दे. डॉक्टरबाईंना नाही म्हणून सांगू. कुणी मागे लागलंय का तुझ्या?”

हेच ते, ज्याला मी घाबरत होते. गंमत म्हणजे ऐकल्यावर भीती गेली आणि डोकं थंडगार झालं. कुणी मागे लागलं नव्हतं हे खरंच. मीच लागले होते माझ्या मागे, आणि मी काही सोडणार नव्हते.

सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी बाबांपुढे चहा ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “बाबा, आज मी टेबलाचे पाय कापणार आहे. तुमच्या मागे नाही कापायचं मला, म्हणून सांगतेय.”

त्यांनी कप खाली ठेवला. मी बोलणी खायची तयारी करून उभी होते.

“काप,” ते म्हणाले आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. चहा तसाच राहिला.

मला फार वाईट वाटलं. पण करवत त्याआधीच काढून ठेवली होती.

टेबल एकटीने उचलणं शक्यच नव्हतं. एक जुनी गादी अंथरली आणि पाठीने रेटून टेबल तिच्यावर आडवं पाडलं. चारही पायांवर रेघा मारल्या. उजव्या हाताने कापायची सोय नव्हती, म्हणून करवत डाव्या हातात धरली. पहिला पाय तुटायला एक युग लागलं. काप असा तिरका गेला की बघवेना. दुसऱ्याला सुरुवात केली आणि दारात सावली पडली.

बाबा उभे होते. करवतीचा आवाज ऐकून आत बसवेना झालं असणार.

“डाव्या हाताने का कापतेस?”

“सोपं पडतं.”

“सोपं? रेघ कुठे, करवत कुठे! आण इकडे.”

“नको बाबा. मी करते.”

ते भिंतींच्या रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसले. मदत नाही, नुसते बघत राहिले. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि कुणीतरी परीक्षा घेतंय असं वाटत होतं. चौथा पाय तुटला तेव्हा ते उठले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. दोघांनी मिळून टेबल उभं केलं. ते डुगडुगलं.

“डुगडुगतंय,” बाबा म्हणाले.

“डुगडुगू दे. नीट करते.”

एका पायाखाली लाकडाची पातळ चकती ठोकली, दुसरा कानशीने घासला. डुगडुगणं थांबलं. बाबांनी टेबलावर हात ठेवून बघितला आणि त्यासाठी त्यांना चांगलंच वाकावं लागलं.

“कमरेतून वाकावं लागतंय मला.”

“हो. तुम्हाला वाकावंच लागेल, बाबा. टेबल माझं आहे.”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. मी खुर्ची वर चढवली. बैठक बरोबर कोपराशी आली. पट्टा ताणला, ठोकला, दुसरा ताणला. कोपर अंगापासून हललंसुद्धा नाही आणि खांदा गप्प राहिला. एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सगळे पट्टे होईपर्यंत मी मान वर केली नाही. बाबाही जागचे हलले नाहीत.

“हत्यारं कुठे टांगणार आहेस?” त्यांनी एकदम विचारलं.

“अजून ठरवलं नाही.”

“खुंट्या मारून देतो. ये, भिंतीकडे तोंड करून उभी राहा. हात वर कर.” त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

मी डावा हात उचलला.

“उजवा. ठोकतेस उजव्याने ना?”

मी उजवा हात उचलला. तो पुढे आला, खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला. बाबा माझ्या डोक्याच्याही वर पेन्सिल धरून वाट बघत होते.

“हं, अजून वर.”

“एवढाच जातो, बाबा.”

पेन्सिल हळूहळू खाली आली.

“घरात माहीत आहे कुणाला?”

“आता तुम्हाला.”

त्यांनी माझ्या बोटांच्या टोकाशी भिंतीवर रेघ ओढली. तिच्याकडे बघत राहिले. मग अंगठ्याने ती पुसली आणि वीतभर खाली दुसरी ओढली.

“कशाला ताणायचा तेवढासुद्धा,” ते म्हणाले. “घे हात खाली.”