घर कुठल्या अंगाला?

अंबाजोगाईत खोली भाड्यानं मागायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतात. ज्योत्स्नाचं आडनाव जाधव. जाधव दोन्हीकडचे असतात, त्यामुळं त्यांना काही उलगडा होत नाही. मग आवाजात साखर घालून दुसरा प्रश्न येतो, "गावात तुमचं घर कुठल्या अंगाला?" बौद्धवस्ती गावाच्या उगवतीला असते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. ज्योत्स्ना खरं सांगायची आणि खोली नेमकी कालच पाहुण्यांना दिलेली निघायची. या घरमालकांना इतके पाहुणे कुठून येतात कोण जाणे!

खोली तर हवीच होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आई भिमाबाईचं डायलिसिस तिथंच चालू होतं. उमापूरहून एसटीनं येताना वाटेत मांजरसुंब्यालाच म्हातारी अर्धी व्हायची. असं किती दिवस चालणार? गावाबाहेरच्या वस्तीत खोल्या मिळत होत्या. पण तिथं नळाला पाणी नाही आणि रिक्षावाला नाल्याच्या अलीकडंच उतरवतो. चांगल्या पगाराच्या माणसालाही तिथं घर बांधायला बँक कर्ज देत नाही, कारण जागेचे कागद नाहीत. कागद मिळत नाहीत, कारण वस्ती मंजूर नाही. आणि वर हेच लोक विचारणार, तुमची माणसं पुढं का येत नाहीत?

शेवटी दवाखान्यामागच्या कॉलनीत छबुबाई शिंदे नावाच्या एका विधवा बाईंनी दार उघडलं आणि तोच प्रश्न विचारला. ज्योत्स्नानं आईचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढं आणला.

"मावळतीला," ती म्हणाली. "मारुतीच्या देवळापाशी."

खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो मात्र पेटीत गेला आणि ज्योत्स्नाचा जीव टांगणीला लागला. त्यातच चतुर्थीला छबुबाईंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. म्हणजे बाई उपासतापासाच्या! आता आपल्यालाही धरणं आलं. एकादशीला ज्योत्स्नानं भगर करून पाठवली. त्यावर छबुबाईंचा शिंगाड्याचा शिरा आला. दोघींची अशी चढाओढ लागली की ज्योत्स्नाची गालफडं बसली. आजोबांनी छप्पन साली सोडलेले देव नातीनं एका खोलीपायी परत धरले होते.

आधी जम बसू दे म्हणून गावीच ठेवलेल्या भिमाबाईला आणायच्या दिवशी तिनं वाटेतच बजावलं, "आये, तिथं कुणाला जयभीम घालू नको. नुसता नमस्कार कर."

"कावून? मी काय चोरी केली?"

"खोली जाईल गं."

"बरं बाई," म्हातारी म्हणाली खरी. पण अख्ख्या जन्माची सवय ती. डायलिसिस करून थकून आलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. छबुबाई दारात दिसल्या आणि म्हातारीचे हात आपोआप जुळले. "जयभीम, बाई!"

ज्योत्स्नानं झटकन आईचे जुळलेले हात खाली ओढले.

"जयभीम!" छबुबाईंच्या तोंडून फटकन निघालं आणि त्यांनी घाबरून तोंडावर पदर धरला.

मग छबुबाई पायरीवरच टेकल्या. "मालक हापिसात कारकून हुते. निसतं शिंदे म्हणून पलाट घेतला. तवापासून कॉलनीत कुणाला कळू दिलं न्हाई."

"मग मला कावून विचारलं, घर कुठल्या अंगाला?"

छबुबाईंची मान खाली गेली. "तू आपल्यातली निघालीस तर लोक माझ्याबी घराकडं बघतील, ह्या भ्यानं. तू उगवतीला म्हणली असतीस ना पोरी, मीबी खोली दिली नसती."

ज्योत्स्नाला राग आला. परक्यांनी दारं लावली तेव्हा आला नव्हता इतका आला. पण भिमाबाई पोट धरून हसत होती. "म्हंजे तुमी दोघी एकमेकीच्या भ्यानं उपाशी मेल्या व्हय गं?" त्या हसण्यापुढं राग टिकला नाही. तिघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या बायनाबाई आल्या. त्या दिवशीही चतुर्थीच होती. हातात खिचडीची वाटी होती. "पाहुण्या का? गाव कोणतं?"

"उमापूर," भिमाबाई म्हणाली.

"हो का? गावात घर कुठल्या अंगाला?"

ज्योत्स्नाला पुढचं सगळं दिसलं. पुन्हा ती एसटी, पुन्हा मांजरसुंब्याला ओकाऱ्या काढणारी आई. मावळतीला म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर छबुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"उगवतीला," त्या म्हणाल्या. "माझंबी उगवतीलाच हाय, बायनाबाई. अन् हे घर माझ्या नावावर हाय."

बायनाबाई वाटी तशीच हातात घेऊन माघारी गेल्या. उद्यापासून कॉलनीत काय काय होईल, ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण आईला आता इथून कुणी उठवणार नव्हतं, आणि ज्योत्स्नाला इतकं हलकं वाटलं की तीही पायरीवर बसली.

"बरं झालं वाटी नेली," भिमाबाई म्हणाली. "साबुदाणा मला पचत न्हाई."

"मलाबी न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना, आधी पेटीतून बाबासाहेबांना काढ. मग जाऊन मटण आण. आज खिडक्या उघड्या ठेवून शिजवू."