काढा पिणारे उंदीर

वहिनीने दार ढकललं. धाकटा दीर न्हाणीच्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, आणि वर हसत होता शहाणा!

"आलीस? एक पेला काढा दे बघू. छातीत जरा आवळल्यासारखं होतंय," तो म्हणाला.

फुलांच्या काचघरात फवारणी करायचं त्याचं काम. उंच, लुकडा, म्हणून घरात सगळे त्याला टोळ म्हणत. आणि टोळच कीटकनाशक मारतो, यावर तो स्वतःच सगळ्यात जास्त हसे. वहिनी प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिथे उंदरांना कीटकनाशक देत, काहींना त्याआधी एका झाडाच्या पानांचा अर्क पाजत, आणि मग त्यांच्या हृदयाचे पातळ काप काचपट्टीवर रंगवून बघत. रंगवायचं काम हिचं. अर्क प्यायलेल्या उंदरांचे काप खरंच बरे दिसत. स्नायू शाबूत, सूज कमी. एवढं बघून बाई हुरळली. झाड प्रयोगशाळेच्या आवारातच होतं. पानं आणली, उकळली आणि तो काढा दिराला रोज पाजायला लागली, कामावर न्यायला बाटलीही भरून द्यायला लागली. उंदीर वेगळा, माणूस वेगळा, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? पण मायेपोटी तिने अक्कल गहाण टाकली, झालं!

तिने त्याची हनुवटी वर उचलली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मनगट धरलं तर नाडी रेंगाळत होती. एक ठोका पडला की पुढचा पडतो की नाही याचीच धास्ती.

"मास्क लावला होतास ना?"

"काढा सुरू झाल्यापासून कशाला लावू? जीव घुसमटतो त्यात. हातमोजेही सोडले. आता आतून बंदोबस्त आहे ना!"

"शर्ट काढ आधी, फवारा मुरलाय त्यात. दवाखान्यात जायचंय." तिने बटणं तोडतच शर्ट ओढला आणि साबण लावून त्याच्या अंगावर तांब्यामागून तांब्या ओतायला लागली.

"कशाला दवाखाना?" सासूबाई पेला घेऊन आल्या. "उगाच सुया टोचून घाबरवतील त्याला. तुझ्याच हातचा काढा आहे. पाज आणि निजू दे."

"आई, ते खाली ठेवा!" ती ओरडली. सासूबाईंपुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

टोळाने पेल्याकडे हात केला. हात लटलट कापत होता. "वहिनी, काढा पिणारे उंदीर वाचतात, तूच म्हणालीस ना?"

कधी म्हणाली होती ती? हृदयं चांगली राहतात, एवढंच जेवताना कौतुकाने बोलली होती. पुढचं सांगायचं कधी सुचलंच नाही.

"एकही वाचत नाही रे," ती म्हणाली. "प्यायलेले, न प्यायलेले, सगळ्यांना एकाच दिवशी मारतात. मारल्याशिवाय हृदय बघणार कसं? पुढे कोण किती जगला असता, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

टोळाचं हसू मावळलं. "चल," तो म्हणाला, उठायला गेला आणि तिथेच कोसळला.

शेजारच्या सुताराने गाडी काढली. मागच्या सीटवर टोळाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. छातीत घरघर वाजत होती. मीच मारलं ह्याला, मीच, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. त्याने तिची बाही ओढली.

"काचघरात फोन कर."

"सुट्टीचं मी बघते नंतर. तू गप्प पड."

"सुट्टीचं नाही गं. काढ्याची बाटली मी तिथेच ठेवतो. सगळेच पितात. सगळ्यांनी मास्क काढलेत."

तिने लगेच नंबर लावला. पलीकडे फवारणीचे पंप घरघरत होते.

"कोण, वहिनी का?" मुकादम खुशीत ओरडला. "अहो, बाटली सकाळीच संपली! उद्या मोठा डबा भरून पाठवा."

"पंप बंद करा! सगळे बाहेर पडा!" ती किंचाळली.

"काय? इथे काही ऐकू येत नाही बघा," म्हणत त्याने फोन ठेवला. तिने पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली.