काजळीच्या कानातला बिल्ला

कानात किडं वळवळत असताना मी कान बघायचा का आकडा? सांगा तुमीच! दोन मेंढरांच्या कानातलं नंबराचं पिवळं बिल्लं काढलं, हळद-तेल भरलं आन् कान बरं झाल्यावर परत अडकवलं. कुठला कुणाचा, ते मला काय ठावं? मी मेंढरू तोंडावरनं वळखते.

ही दोन्ही मेंढरं माझ्या लेकीच्या, अंकिताच्या प्रयोगाची. ती पुण्याच्या लॅबमधी संशोधन करती. सात नंबरला तिनं चार येळा सुई टोचली व्हती, नऊ नंबर ताडून बघायला नुसतीच राखलेली.

"आई, साखर जाळणारं एक एन्झाइम असतं, तेच टोचलंय," ती म्हणली व्हती. "आता हिच्या रक्तात त्याला पकडणारी अँटीबॉडी तयार व्हईल. कलेजीच्या रसात हजार वस्तू असल्या तरी ती तेवढ्याच एकाला धरंल."

"जा गं! काय बी सांगतीस," मी म्हणलं.

दिवाळीनंतर सात नंबरचं रक्त नेलं आन् चौथ्या दिवशी पोरगी आमच्या गावी, निमोण्यात, दारात उभी. डोळं सुजलेलं.

"रक्तानं काहीच धरलं न्हाई, आई. लॅबचे सर म्हणाले, सोमवारपासनं काम बंद. दोन वर्षं पाण्यात गेली माझी."

बिल्लं! चारी सुया झाल्यावर काढलं व्हतं, अडकवताना अदलाबदल झाली असणार. सगळं सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं, मला इचारायचंस तरी!"

"चुकले बाई. तुझ्या सरांना घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी सर जीपनं आलं. मला म्हणलं, "मावशी, सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात. सुई कुणाला टोचली, ते तुम्ही कसं सांगणार?"

माझं डोस्कंच फिरलं. "तुमच्या वर्गातली पोरं तुमाला सारखीच दिसत्यात व्हय?"

ऐंशी मेंढरं पाण्यावर व्हती. मी सरळ आत शिरले आन् एकीला धरून आणलं. "ही काजळी. चारी येळा हिचंच मुंडकं मी मांडीत धरलं व्हतं." तिच्या कानात नऊ नंबर. सरांनी वाकून आकडा वाचला. अंकितानं रक्त काढलं.

मी बी पुण्याला गेले. घरी जीव ऱ्हाईना. दोन दिवस कलेजीचा रस जिरवलेली पट्टी काजळीच्या रक्तात आन् रसायनांत हालवत बसली माझी पोर. मग तांबड्या दिव्याच्या खोलीत तिनं त्या पट्टीवर दाबलेली फिल्म कसल्याशा पाण्यात बुडवली. आधी कोरीच. मग मधोमध एक काळी रेघ उमटली, दोऱ्याएवढी. वर काही न्हाई, खाली काही न्हाई.

"एवढ्या गर्दीत एकच?"

"एकच, आई." तिनं फिल्म माझ्याफुडं धरली.

अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. रोज काठीनं हाकलते त्या जनावराच्या रक्तात एवढी वळख! मी हात जोडलं, कुणाला ते मला बी कळलं न्हाई.

सर लई वेळ फिल्म उजेडात धरून बघत व्हतं. "अंकिता, सोमवारी वेळेवर ये," म्हणलं. मग माझ्याकडं वळलं. "पण मावशी, ऐंशीतनं एक तुम्ही ओळखता तरी कशी?"

मी इचार केला.

"ते मला न्हाई सांगता यायचं, सर," मी म्हणलं. "काजळीला तरी कुठं येतंय?"